डिक्सी डीनच्या वाटेने : बर्कनहेड ते गुडिसन पार्क या पायी सहलीचे परीक्षण

लिव्हरपूलला जाणारा मराठी प्रवासी बहुधा बीटल्सच्या खुणा पाहतो, फुटबॉलची आवड असेल तर ॲनफिल्डचे मैदान पाहतो आणि संध्याकाळच्या गाडीने परततो. ॲनफिल्डच्या शेजारचे स्टॅनली पार्क ओलांडले की पलीकडे एव्हर्टन या फुटबॉल क्लबचे गुडिसन पार्क हे मैदान आहे, हे अनेकांच्या गावीही नसते. इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीतील लीगमध्ये एकाच मोसमात 60 गोल करण्याचा पराक्रम आजवर फक्त एका खेळाडूने केला आणि तो एव्हर्टनकडून खेळत असे. विल्यम राल्फ डीन, अर्थात 'डिक्सी' डीन, या सेंटर-फॉरवर्डच्या (आघाडीच्या मध्यभागी खेळणाऱ्या आक्रमकाच्या) आयुष्यावर बेतलेली एक दिवसाची पायी सहल मी गुडिसनवरील पुरुष संघाच्या अखेरच्या मोसमात केली. स्थानिक इतिहासाची आवड असलेला एक लहानसा गट ही सहल चालवतो. या सहलीत काही उणिवा निश्चित आहेत. तरीही एखाद्या खेळाडूचे आयुष्य समजून घेण्याची इतकी प्रामाणिक सोय मला अन्यत्र क्वचितच आढळली.

सहलीची सुरुवात लिव्हरपूलमध्ये होत नाही, मर्सी नदीच्या पलीकडे बर्कनहेडमध्ये होते, आणि हा निर्णय अगदी योग्य आहे. डीनचा जन्म 22 जानेवारी 1907 रोजी याच गावातील लेअर्ड स्ट्रीट परिसरात झाला. वडील रेल्वेत इंजिन चालवत असत. जहाजबांधणी, गोदी आणि रेल्वे यांवर पोसलेल्या या वस्तीतील एकमेकींना चिकटून उभ्या असलेल्या विटांच्या घरांमधून चालताना मार्गदर्शक बाईंनी त्याच्या बालपणाचा जो भाग सांगितला, तो माझ्या मते संपूर्ण सहलीतील सर्वांत जमलेला भाग आहे. मुलांना सुधारण्यासाठी असलेल्या एका निवासी शाळेत डीन कोणताही गुन्हा न करता गेला होता. तिथे फुटबॉल खेळायला अधिक वाव मिळतो, हे त्यामागचे कारण तो स्वतःच सांगत असे. पुढे रेल्वेत उमेदवारी करताना इतरांना नको असलेली रात्रपाळी त्याने आनंदाने पत्करली, कारण त्यामुळे दिवस खेळासाठी मोकळा राहत असे. गल्लीच्या तोंडाशी उभे राहून हे ऐकताना त्या मुलाची खेळासाठीची असोशी जशी मनाला भिडते, तशी ती आकडेवारीच्या तक्त्यातून कधीच भिडत नाही.

बाई निवृत्त शिक्षिका आहेत आणि डीनचा उल्लेख त्या सतत 'बिल' असाच करतात. केसांच्या आणि वर्णाच्या काळसरपणावरून पडलेले टोपणनाव त्याला स्वतःला रुचत नसे आणि जवळची माणसे त्याला बिल म्हणत, एवढे सांगून त्या पुढे जातात. त्यांच्या बोलण्याला लिव्हरपूलचा खास हेल आहे. भारतात इंग्रजी शिकलेल्या कानाला तो सुरुवातीला जड जातो. मात्र विनंती केल्यावर त्यांनी लगेच बोलण्याची गती कमी केली आणि गावांची व खेळाडूंची नावे दोनदा उच्चारायला सुरुवात केली.

ट्रॅनमिअर रोव्हर्स या स्थानिक क्लबमधील डीनची कारकीर्द सहलीत थोडक्यात आटोपली जाते आणि तेवढे पुरेसे आहे. मार्च 1925 मध्ये, अठराव्या वर्षी, तो 3,000 पौंडांना एव्हर्टनकडे गेला. यानंतर बर्कनहेड पार्क स्थानकावरून रेल्वेने नदीखालच्या बोगद्यातून शहरात आणि तिथे गाडी बदलून गुडिसनजवळच्या कर्कडेल स्थानकाला जावे लागते. रेल्वेचे भाडे सहलीच्या शुल्कात समाविष्ट नाही, हे नोंदणीच्या वेळी स्पष्ट सांगितलेले नसते. ते सांगायला हवे. या प्रवासाचा उपयोग बाईंनी 1926 च्या अपघाताची हकिकत सांगण्यासाठी केला. त्या वर्षीच्या जून महिन्यात उत्तर वेल्समध्ये मोटारसायकलच्या अपघातात डीनची कवटी आणि जबडा फुटला होता. तो पुन्हा खेळू शकेल की नाही, याचीच शंका होती. चेंडू डोक्याने मारणे तर फार दूरची गोष्ट होती. प्रत्यक्षात तो काही महिन्यांतच मैदानात परतला. त्याच्या डोक्यात धातूची पट्टी बसवली होती आणि म्हणूनच त्याचे हेडर इतके जोरकस असत, ही आख्यायिका आजही आवडीने सांगितली जाते. बाईंनी ती सांगितली आणि तिला आधार नाही, हेही त्याच दमात सांगितले. ज्या सहली गर्दी खेचण्यासाठी आख्यायिकांवर पोसल्या जातात, त्यांच्या तुलनेत हा संयम मला मोलाचा वाटतो.

सहलीत एक वस्तू हाताळायला मिळते आणि तिच्यासाठी आयोजकांचे मनापासून कौतुक केले पाहिजे. जुन्या पद्धतीचा, चामड्याचे पट्टे शिवून केलेला आणि तोंडाशी नाडी बांधलेला एक चेंडू बाई पिशवीतून सोबत आणतात. कोरडा असताना तो हाताला फार जड लागत नाही. मात्र गुडिसनजवळ पोहोचल्यावर त्यांनी तो बादलीतील पाण्यात काही वेळ बुडवून पुन्हा आमच्या हाती दिला, तेव्हा चामडे पाणी पिऊन फुगले होते आणि नाडीची गाठ दगडासारखी घट्ट झाली होती. ती गाठ कपाळावर नुसती टेकवून पाहिली तरी बोचते. चिखलाच्या मैदानावर, समोरून धावत येणाऱ्या बचावपटूची धडक सोसत, असा चेंडू कपाळाने गोलपोस्टच्या कोपऱ्यात धाडण्याचे काम डीन वर्षानुवर्षे करत होता. एव्हर्टनसाठी 433 सामन्यांत 383 गोल, हा आकडा त्यानंतर वेगळ्याच वजनाने ऐकू येतो.

गुडिसनच्या बाहेर, गोलरक्षकाच्या जाळ्यामागे असावे तसे मैदानाच्या कोपऱ्यात बसलेले सेंट ल्यूक चर्च आणि आर्चिबाल्ड लीच या स्थापत्यकाराच्या बुलन्स रोड स्टँडवरील पोलादी फुल्यांची नक्षी दाखवल्यावर सहल 1927-28 च्या मोसमाकडे वळते. एव्हर्टनने त्या मोसमात लीग जिंकली. संघाचे एकूण गोल 102 होते आणि त्यांपैकी 60 एकट्या डीनचे होते, तेही 39 सामन्यांत. त्याआधीच्याच मोसमात मिडल्सब्रोच्या जॉर्ज कॅमसेलने दुसऱ्या श्रेणीत 59 गोल केले होते. तो विक्रम मोडण्यासाठी डीनला अखेरच्या तीन सामन्यांत नऊ गोल हवे होते. पहिल्या सामन्यात दोन आणि दुसऱ्यात चार गोल झाले. 5 मे 1928 रोजी गुडिसनवर आर्सेनलविरुद्ध उरलेले तीन गोल करायचे होते. त्यांतील एक पेनल्टीवर आला, तर सामना संपायला काही मिनिटे राहिली असताना ॲलेक ट्रूपच्या कॉर्नरवर डोक्याने मारलेला गोल हा साठावा ठरला. सामना 3-3 असा बरोबरीत सुटला. डीन तेव्हा 21 वर्षांचा होता.

याच ठिकाणी माझा सर्वांत महत्त्वाचा आक्षेप आहे. हा विक्रम सांगताना 1925 मधील ऑफसाइड नियमाच्या बदलाचा उल्लेखही केला जात नाही. त्या वर्षीपर्यंत सहकारी चेंडू पुढे देतो त्या क्षणी आक्रमकाच्या पुढे प्रतिस्पर्धी संघाचे तीन खेळाडू असणे आवश्यक होते. ती अट दोनवर आणली गेली आणि प्रथम श्रेणीतील एकूण गोल 1924-25 मधील 1,192 वरून पुढच्याच मोसमात 1,703 वर गेले. हे माहीत नसलेला श्रोता साठ गोल निव्वळ दैवी देणगी समजतो. माहीत असलेला जाणकार मात्र विक्रमाला उगाच कमी लेखतो, आणि ते अधिक अन्यायाचे आहे. कारण नवा नियम सर्वांनाच लागू होता, सेंटर-हाफला (मधल्या फळीतील मध्यवर्ती खेळाडूला) मागे खेचून बचावात तिसरा खेळाडू उभा करण्याचा डावपेच आर्सेनलसारख्या संघांनी एव्हाना अवलंबला होता, आणि तरीही साठचा आकडा केवळ डीननेच गाठला. मँचेस्टर सिटीच्या एर्लिंग हालांडने 2022-23 मध्ये प्रीमियर लीगचा (इंग्लंडच्या आजच्या सर्वोच्च श्रेणीचा) 36 गोलांचा विक्रम केला तेव्हा जगभर डीनचे नाव पुन्हा निघाले होते. अशा तुलना करताना आजचा मोसम 38 सामन्यांचा आणि तेव्हाचा 42 सामन्यांचा, हे भान ठेवावे लागते. ज्या सहलीत आख्यायिका इतक्या काळजीने तपासली जाते, त्या सहलीत नियमाच्या बदलासाठी पाच मिनिटे निश्चितच काढता येतील.

त्यानंतरचा भाग पुन्हा चांगला आहे. 1930 मध्ये एव्हर्टन दुसऱ्या श्रेणीत घसरला तेव्हा डीन क्लबबरोबर राहिला. पुढच्याच मोसमात संघ परतला आणि 1931-32 मध्ये डीनच्या 45 गोलांच्या बळावर पुन्हा लीगविजेता झाला. एफए कप या इंग्लंडमधील बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात खेळाडूंच्या पाठीवर क्रमांक प्रथमच आले ते 1933 मध्ये. एव्हर्टनकडे 1 ते 11 आणि मँचेस्टर सिटीकडे 12 ते 22, अशी वाटणी होती. कर्णधार डीनच्या पाठीवर 9 होता. एव्हर्टनने 3-0 असा विजय मिळवला आणि एक गोल त्याचा होता. इंग्लंडसाठी 16 सामन्यांत 18 गोल करूनही त्याला याहून अधिक संधी का मिळाली नाही, या माझ्या प्रश्नावर बाईंनी घाईघाईचे उत्तर देण्याचे टाळले, ते मला आवडले.

शेवटचा टप्पा मात्र उरकल्यासारखा होतो. 1938 मध्ये डीन नॉट्स काउंटीकडे गेला, दुखापतींमुळे तिथे मोजकेच सामने खेळला, 1939 मध्ये आयर्लंडमधील स्लायगो रोव्हर्सकडून कपच्या अंतिम फेरीत खेळला आणि युद्धानंतर चेस्टरमध्ये 'डब्लिन पॅकेट' हा पब चालवू लागला. त्यानंतर त्याने लिटलवुड्स कंपनीत हमालाचे काम केले. लीगच्या नियमानुसार त्याच्या काळात खेळाडूला मोसमात आठवड्याला जास्तीत जास्त 8 पौंड मिळत; हजारो प्रेक्षकांना मैदानाकडे खेचणाऱ्या माणसाला उतारवयात ओझी का वाहावी लागली, याचे उत्तर या मर्यादेत आहे. 1964 मध्ये त्याच्या सन्मानार्थ गुडिसनवर झालेल्या सामन्याला 30 हजारांहून अधिक लोक आले. 1976 मध्ये त्याचा उजवा पाय कापावा लागला. 1 मार्च 1980 रोजी गुडिसनवरच, एव्हर्टन आणि लिव्हरपूल यांचा सामना पाहताना, हृदयविकाराच्या झटक्याने त्याचे निधन झाले. इतके सारे आम्हाला 2001 मध्ये उभारलेल्या त्याच्या पुतळ्यापाशी, रहदारीच्या आवाजात, उभ्याउभ्या सांगितले गेले. मागे उभ्या असलेल्यांना निम्मे ऐकूच आले नाही. माझ्या मते या आयुष्याचा हा उत्तरार्ध पूर्वार्धाइतकाच सांगण्याजोगा आहे आणि त्यासाठी एखाद्या बंदिस्त जागेत, बसून, अर्धा तास तरी दिला जावा.

शुल्क वाजवी आहे. पायी चालणे बरेच असल्याने गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी केवळ दुपारचा गुडिसनचा भाग निवडावा. तशी सोय आहे आणि शुल्कही त्या प्रमाणात कमी घेतात. दहा-बारा वर्षांपुढची मुले चेंडूच्या प्रात्यक्षिकात रमतात, त्याहून लहान मुले बर्कनहेडमध्येच कंटाळतात. पुरुष संघाने 18 मे 2025 रोजी गुडिसनवर अखेरचा सामना खेळून गोदीकाठच्या नव्या मैदानात स्थलांतर केले असले, तरी जुने मैदान पाडले गेलेले नाही. तिथे आता एव्हर्टनचा महिला संघ खेळतो. त्यामुळे महिला संघाच्या सामन्याच्या दिवशी सकाळी ही सहल आणि दुपारी सामना, असा बेत आखणे मी सुचवीन. त्या दिवशी गटातील माणसे वाढतात, म्हणून नोंदणी करतानाच पुढच्या रांगेत उभे राहू देण्याची विनंती करून ठेवावी.