२३ दिवसांची पिकअप, पार्किंगमधला धक्का आणि बोर्ड नसलेलं गॅरेज

गाडी घेऊन २३ दिवस झाले होते, सीटवरचं प्लास्टिक पण काढलं नव्हतं (आई काढू देत नाही, म्हणते दिवाळीपर्यंत राहू दे), आणि नवी मुंबईत टोमॅटो खाली करून पहाटे पार्किंगला केबिनमध्येच आडवा झालो होतो तर एका दहा टायरी ट्रकने तिरका रिव्हर्स घेता घेता डाव्या बाजूला मागून दणका दिला. झोपेत वाटलं भूकंपच झाला. उतरून बघतो तर टेललाइटची काच फुटलेली, मागचं मडगार्ड आत दबलेलं आणि हौद्याच्या कडेला हातभर ओरखडा, बाकी काही नाही. ड्रायव्हर वयस्कर माणूस, हात जोडायला लागला, म्हणाला दादा मालकाला फोन करू नका, आणि खिशातून ३५०० रुपये काढून दिले. मी घेतले. नंबर प्लेटचा फोटो तेवढा मारून ठेवला आणि मॅटर मिटवला, आणि तिथेच माती खाल्ली.

हा रिव्ह्यू त्या गॅरेजचा आहे जिथे गाडीचं खरं दुखणं सापडलं. नाव विचारू नका कारण नावच नाहीये. पुणे-नाशिक हायवेला मंचरच्या अलीकडे आतल्या रस्त्याला पत्र्याचं शेड आहे, भिंतीवर लाल ऑइलपेंटने 'चासी पाटे अलाइनमेंट' लिहिलंय (चासी म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, पाटे म्हणजे चाकावरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा), त्यातला शेवटचा 'ट' जागा संपली म्हणून खाली उतरलाय. चालवणाऱ्यांना सगळे आप्पा म्हणतात.

पण आधी शोरूमच्या वर्कशॉपचं सांगतो, नाव घेत नाही. नवीन गाडी, वॉरंटी चालू, म्हणून साहजिकच आधी तिकडे गेलो. एसी वेटिंग रूम, मशिनची कॉफी, टाय लावलेला ॲडव्हायझर, सगळं झकास. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, मोबाइलमध्ये सहा फोटो काढले, मडगार्ड, टेललाइट, डेंटिंग पेंटिंगचं एस्टिमेट हातात दिलं. मी म्हटलं साहेब धक्का चाकाजवळ बसलाय, खालून पण बघा ना. म्हणाला हो सर, लिफ्टवर घेतोय. दोन तासांनी गाडी धुवून पुसून चकचकीत करून समोर आणली आणि जॉब कार्डवर लिहिलं 'अंडरबॉडी ओके, अलाइनमेंट केली'. मी पण खूष, घरी आलो, आबांना म्हटलं काही झालं नाही.

मग आठ-दहा दिवसांनी स्टेअरिंग जरा खटकायला लागलं. म्हणजे गाडी सरळ चालतीय पण काहीतरी वाकडं चालल्यासारखं, रिकामी असताना फारसं नाही, पण शंभरेक क्रेट भरले (आमच्याकडे क्रेट २० किलोचा, म्हणजे दोन टनांच्या आसपास जातं) की मागचा भाग उजवीकडे ओढल्यासारखा वाटायचा. भाऊ म्हणाला तुझ्या मनात बसलंय ते. खरं कळलं नारायणगावच्या अलीकडे, पाऊस पडून गेलेला, रस्त्यावर एक डबकं होतं, त्यातून गाडी काढली आणि चहाला थांबलो तर मागे कोरड्या डांबरावर टायरचे ओले पट्टे दिसले. सरळ गेलेल्या गाडीचं मागचं चाक पुढच्याच्या पट्ट्यावरून जायला पाहिजे ना, इथे मागचे पट्टे बोटभर उजवीकडे सरकलेले. खेकड्याची चाल! चहावाल्यानेच आप्पांचा पत्ता दिला.

फोन केला तर पलीकडून पहिलं वाक्य, "गाडी धुवून आणू नको." मला वाटलं पाणी नसेल गॅरेजला. गेल्यावर कळलं की धक्क्याचा सगळा पुरावा त्या धुळीत असतो. दणका बसला की चासीवरची वाळलेली माती त्या जागी झडते, जोडावरचा रंग केसासारखा तडकतो, नट जरा जरी सरकला तरी वॉशरच्या जुन्या जागी चमकदार चंद्रकोर दिसते. शोरूमवाल्यांनी धुतली तेव्हा त्यातलं अर्धं गटारात गेलं असं आप्पा म्हणाले, आणि त्याआधी दोन शिव्या पण घातल्या त्या इथे लिहीत नाही.

आप्पांनी ओरखड्याकडे बघितलंसुद्धा नाही. थेट डाव्या मागच्या चाकाजवळ उकिडवे बसले आणि टायरच्या बाजूला बोट ठेवलं. तिथे रबर घासल्याचा चपटा डाग होता, मी रोज गाडी पुसतो पण मला कधी दिसला नव्हता. ट्रकच्या मागच्या गार्डचा कोपरा इथे लागलाय, म्हणाले. मग विचारलं, "हँडब्रेक ओढलेला होता का?" म्हटलं हो, आणि गिअरमध्ये पण होती. "मग फिरणार कसं चाक, सगळा मार हाउसिंगने खाल्ला." हाउसिंग म्हणजे मागच्या दोन चाकांमधल्या एक्सलचं लोखंडी कवच.

मग जे केलं ते बघण्यासारखं होतं. कॉम्प्युटर नाही, लेझर नाही. गवंड्याचा ओळंबा, खडू आणि स्टीलची टेप. गाडी सपाट कोब्यावर उभी केली, चासीला दोन्ही बाजूंना कंपनीची जी सारखी भोकं असतात त्यातून एकेक करून ओळंबा सोडला, खाली टोक टेकलं तिथे खडूने फुली. अशा आठ फुल्या मारून गाडी ढकलून बाजूला घेतली तर जमिनीवर चासीचा नकाशाच उरला. मग कर्ण मोजायचे, पुढच्या डाव्या फुलीपासून मागच्या उजव्यापर्यंत आणि उलटं. दोन्ही सारखे आले तर चासी काटकोनात आहे, फरक आला तर चासी तिरकी झालीय. माझे दोन्ही कर्ण दोन मिलिमीटरच्या आत जुळले. मी गॅरेजच्या पोराला टेपचं दुसरं टोक धरताना बघत होतो आणि सांगतो, दहावीच्या निकालाला एवढी धाकधूक नव्हती.

"चासी वाचली," आप्पा म्हणाले, "आता चाकं मोजू." पुढची चाकं सरळ करून दोन्ही बाजूंना पुढच्या हबच्या मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंत टेप लावली. डाव्या बाजूला ९ मिलिमीटर कमी! म्हणजे मागचं हाउसिंग डावीकडून पुढे सरकलेलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पिकअपला मागे पाटे असतात आणि त्या सगळ्या पाट्यांच्या मधून एक सेंटर बोल्ट जातो, त्याचं डोकं हाउसिंगच्या सीटवरच्या भोकात बसतं. यू-बोल्ट सगळं आवळून धरतात पण हाउसिंगची जागा ठरवतो तो हा करंगळीएवढा बोल्ट. आप्पांनी यू-बोल्ट सोडले, जॅकने पाटा उचलला आणि बोल्टचं डोकं टणकन खाली पडलं. आरपार तुटलेला. तुटलेला भाग एका कडेला गंजाने तांबूस आणि बाकी लखलखीत, म्हणजे धक्क्यात अर्धा गेला आणि उरलेला मी लोड मारून मारून तोडला. तो तुकडा मी घरी आणलाय, देव्हाऱ्याशेजारी ठेवलाय, आई ओरडते.

मग शोरूममध्ये अलाइनमेंट केली ती काय केली? हे मी आप्पांना विचारलं. म्हणाले फक्त पुढच्या चाकांचा टो (चाकं आत-बाहेर किती वळलीत तो कोन) मारला असेल. मागचा सरळ एक्सल कंपनीने बसवला तसाच आहे हे धरून चालतात, त्याला कोण बघतं. मागचं हाउसिंग वाकडं, गाडी तिरकी चालणार, मग स्टेअरिंग जरा उजवीकडे धरून चालवावं लागणार, आणि यांनी पुढच्या रॉडचा आटा फिरवून स्टेअरिंग तेवढं सरळ दिसेल असं करून दिलं. म्हणजे ताप तसाच ठेवून थर्मामीटर बदलला. असंच चालवलं असतं तर चार महिन्यांत नवीन टायर एका कडेने खाल्ले असते, आणि घाटात लोड घेऊन उतरताना हाउसिंग अजून सरकलं असतं तर काय, ते मी विचारलं नाही.

याशिवाय स्टेपनीचं कॅरियर वाकलेलं निघालं आणि टेललाइटची वायर पत्रा आणि ब्रॅकेटच्या मध्ये चिमटलेली, वरचं रबर सोललेलं, म्हणून इंडिकेटर मधेच पटापट लागायचा, मला वाटायचं बल्ब गेलाय. ब्रेकचा पाइप, हँडब्रेकची केबल आणि युरियाची टाकी (डिझेलचा धूर स्वच्छ करायला असते ती) मात्र नीट होती. शॉकअपला तेलाचा ओलावा नव्हता.

बिलाचं सांगतो. तपासणीचे ७००, दोन्ही बाजूंचे सेंटर बोल्ट आणि चारही यू-बोल्ट नवीन (एकदा आवळून ताणलेला यू-बोल्ट परत लावत नाहीत, आप्पा त्याबाबत ऐकतच नाहीत), मजुरी, वायरिंग, कॅरियर सरळ करणं आणि शेवटी पुढचा टो परत जागेवर, सगळं मिळून ६४००. मडगार्ड, टेललाइट आणि रंग वेगळा. तो ड्रायव्हर ३५०० देऊन गेला होता, हिशोब तुम्हीच करा.

इन्शुरन्सचा क्लेम का नाही घेतला असं विचाराल. पॉलिसी तेव्हा पहिल्यांदा नीट वाचली. मालवाहू गाडीच्या पॉलिसीत लाइट, टायर, मडगार्ड, बंपर आणि रंग हे साध्या कव्हरमध्ये येतच नाही, त्यासाठी जास्तीचा प्रीमियम भरून आयएमटी २३ नावाचं जास्तीचं कव्हर घ्यावं लागतं. माझ्या एजंटने प्रीमियम कमी दिसावा म्हणून ते घेतलंच नव्हतं आणि मी पण 'कितीला बसतंय' एवढंच विचारलं होतं. वर पहिल्या वर्षी क्लेम नसला की रिन्यूअलला ओन डॅमेजच्या (आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या) प्रीमियमवर २० टक्के नो क्लेम बोनस मिळतो, तो गेला असता. आणि मुख्य म्हणजे सर्व्हेअरला (नुकसान तपासणाऱ्या इन्शुरन्सच्या माणसाला) दाखवायच्या आधीच गाडी खोलून बसलो होतो. मोठं काम असेल तर खोलायच्या आधी सर्व्हेअरला बोलवा, आत नवीन काही सापडलं तर सप्लिमेंटरी एस्टिमेट देता येतं, जुने पार्ट फेकू नका.

आता गॅरेजच्या तक्रारी, कारण सगळं गोड लिहिलं तर आप्पांचा जावई समजाल. सकाळी नऊला बोलवलं आणि गाडीला हात लागला दीडला. बसायला एक टायर आणि एक खुर्ची, खुर्चीवर मांजर. पक्कं बिल मागितलं तर तोंड वाकडं केलं, वहीच्या कागदावर लिहून दिलं, जीएसटीवालं पाहिजे असेल तर आधी सांगावं लागतं म्हणे. पेंटिंगचं काम इथे अजिबात देऊ नका, शेजारच्या टेंपोवर मारलेली लांबी (पुट्टी) मी बघितली, हात फिरवला तर घाट लागल्यासारखं वाटलं. आणि आप्पा कुणालाही 'जी' लावत नाहीत, पुण्याचे एक काका कार घेऊन आले होते त्यांना म्हणाले कार नेतो का बाजूला, ते चिडून निघूनच गेले.

पण माप घेतलं की माणूस खोटं बोलत नाही. चासी वाकलीय म्हणून सांगितलं असतं तर मी २५-३० हजार मुकाट्याने काढून दिले असते, मला काय कळत होतं.

पाचशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट परत आवळायला बोलवलं होतं, गेलो, दोन नट अर्धा आटा फिरले. डबक्यातून गाडी काढून पट्टे पण बघितले, एकावर एक. पैसे विचारले तर म्हणाले पैसे नको, पुढच्या वेळी एक क्रेट टोमॅटो आण. तेव्हा टोमॅटोला कुत्रं विचारत नव्हतं म्हणून मी लगेच हो म्हटलं, आता भाव चढलाय आणि काल आप्पांचा फोन येऊन गेलाय.