नातवाची कावीळ: निळ्या दिव्याला पूर्ण गुण, थेंबांच्या बिलाला नाही

लेकीचे पहिले बाळंतपण आमच्याकडे चोपड्याला झाले. ३७ आठवड्यांचा नातू तिसऱ्या दिवशी पोटापर्यंत पिवळा दिसू लागला आणि रक्तातील बिलिरुबिन (कावीळीत वाढणारे पिवळे रंगद्रव्य) १८.४ आले, तेव्हा त्याला जळगावच्या एका खासगी रुग्णालयातील नवजात शिशू कक्षात दाखल केले.

तेथील फोटोथेरपीची, म्हणजे बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवून करायच्या उपचाराची, व्यवस्था खरोखर चांगली आहे. दिवे एलईडीचे असल्याने जुन्या ट्यूबलाइटसारखी त्यांची धग लागत नाही, आणि खानदेशातल्या वैशाखात ही सोय लहान नव्हे. दिवा निळा दिसला म्हणजे तो पुरेसा असतोच असे नाही. म्हणून परिचारिकेने प्रकाशाची तीव्रता मोजणारे यंत्र बाळाच्या पोटाजवळ धरून आकडा ३० च्या वर असल्याची खात्री केली. अंगावर फक्त लंगोट, डोळ्यांवर पट्टी, आणि दर दोन-अडीच तासांनी पाजण्यासाठी लेकीला बोलावणे, हा क्रम रात्रीही चुकला नाही.

विहीणबाईंचा आग्रह कोवळ्या उन्हाचा होता. साधारण ४६० ते ४९० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाने त्वचेतील बिलिरुबिनचे रूप बदलते आणि यकृत पुरते तयार नसले तरी ते पित्तातून व लघवीतून बाहेर पडते, उन्हात मात्र हा प्रकाश किती मिळाला ते कळत नाही आणि बाळ तापते, हे डॉक्टरांनी त्यांना न दुखावता सांगितले. (आमच्याकडे सकाळी आठचे ऊनही कोवळे नसते, हे मी मनातच ठेवले.)

तक्रार आहे ती प्रोबायोटिकच्या, म्हणजे उपयुक्त मानल्या जाणाऱ्या जिवाणूंच्या, थेंबांची. ते आम्हाला न विचारता सुरू झाले आणि बिलात दिसले. आतड्यात उतरलेले बिलिरुबिन पुन्हा रक्तात शोषले जाते, ते थेंबांनी कमी व्हावे अशी त्यामागची कल्पना. काही लहान अभ्यासांत फायदा दिसला, पण पुरावा पक्का नाही, हे आम्ही विचारल्यावर डॉक्टरांनी प्रामाणिकपणे मान्य केले. रुग्णालयातील मुदतपूर्व बाळांना असे जिवाणू देण्यातील धोक्याचा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२३ मध्ये दिला आहे. आमचा नातू मुदतपूर्व नव्हता, तरी आधी सांगायला हवे होते.

३६ तासांत बिलिरुबिनचा आकडा ११.६ वर आला. दिवा बंद केल्यावर तो थोडा चढू शकतो, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासूनच सोडले, हे योग्य झाले. डिस्चार्ज कार्डावर मात्र एकही आकडा नव्हता. चोपड्याच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत तेच विचारले, आणि जावयांना त्यासाठी पुन्हा जळगाव गाठावे लागले.