जुन्या लाकडाला काय लावावं: लाख, पीयू की तेल?

जुनं कपाट घरीच नीट करायला घेतलं की पहिला हात जातो पॉलिश पेपरकडे. थांबा. कापसाच्या बोळ्यावर थोडं स्पिरिट घेऊन आतल्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यावर घासून बघा. थर चिकट होऊन बोळ्याला लागला, तर ते लाखेचं पॉलिश. स्पिरिटने काही झालं नाही, पण लॅकर थिनरने सुटलं तर बहुधा लॅकर. दोघांनाही दाद देत नसेल तर पीयू (म्हणजे पॉलियुरेथेन, प्लास्टिकसारखा कडक थर) किंवा व्हार्निश.

लाख निघाली तर निम्मं काम वाचलं. लाखेचा नवा हात जुन्या थराला थोडं विरघळवून त्याच्याशी एकजीव होतो. त्यामुळे मेण-मळ पुसून वरून हात दिले तरी चालतं, सगळं खरवडावं लागत नाही. पुढे कधी चरा पडला तर तेवढ्याच जागी दुरुस्ती होते. वाळतेही झटपट. पण ती नाजूक असते: गरम कप टेकवला की पांढरं वर्तुळ, आणि सॅनिटायझर सांडलं तर डाग ठरलेला.

पीयू नेमकं इथे टिकतं. पाणी, उष्णता, रोजची घासपूस, सगळं लाखेपेक्षा कितीतरी जास्त सोसतं. मात्र वाळलेला थर नव्या हातात विरघळत नाही. एका जागी चरा बुजवला तर ठिगळ दिसतं, म्हणून अख्खा पृष्ठभाग घासावा लागतो. वर व्हिनियर, म्हणजे चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा, असेल तर हे घासणं जिवावरचं. तो बऱ्याचदा एक मिलिमीटरही जाड नसतो.

जवसाचं तेल लावायला सर्वांत सोपं, पण संरक्षण सर्वांत कमी, आणि कच्चं तेल वाळायला दिवसचे दिवस घेतं. तेलाची फडकी चुरगाळून टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात. बाहेर मोकळी पसरून वाळवा.

माझं मत विचाराल तर जेवणाच्या टेबलाला पीयू; कपाट, पेटी, आरशाची चौकट यांना लाख. तेल मी फक्त खडबडीत, साध्या लाकडाला लावेन.

ठरतच नसेल तर मेण काढलेल्या लाखेने सुरुवात करा. तिच्यावर नंतर पीयू चढवता येतं. नेहमीच्या मेणयुक्त लाखेवर ते नीट धरत नाही. उलट, पीयूवरून माघार घ्यायची तर सगळं खरवडणं आलंच.