वायर न दिसता बसवलेले फायबर : सहा महिन्यांनंतरचा अभिप्राय

घराला नवा रंग देऊन महिनाही झाला नव्हता आणि नेमके त्याच वेळी आम्ही जुने इंटरनेट कनेक्शन बंद करून फायबर, म्हणजे काचेच्या तंतूतून प्रकाशाने येणारे इंटरनेट, घेण्याचे ठरवले. त्यामुळे वेग किती मिळणार याआधी वायर कुठून आणि कशी येणार, हा प्रश्न माझ्या मनात आला. आज सहा महिने झाले आहेत. बैठकीच्या खोलीत आलेल्या कोणालाही फायबर कुठून आले आहे ते शोधून सापडत नाही आणि या काळात त्या वायरमुळे इंटरनेट एकदाही बंद पडलेले नाही. हे समाधान मात्र पहिल्या भेटीत मिळाले नव्हते.

पहिल्या दिवशी जोडणीसाठी आलेल्या दोघांनी दाराशी उभे राहूनच मार्ग सांगून टाकला. जिन्यातल्या पेटीतून काळी ड्रॉप वायर बाहेरच्या भिंतीवरून खिडकीपर्यंत न्यायची, चौकटीशेजारी छिद्र पाडायचे आणि तेथून फुटाफुटावर क्लिपा ठोकत ती टीव्हीपर्यंत आणायची, असा त्यांचा बेत होता. वीस मिनिटांत काम होईल असे ते म्हणाले, आणि तसे ते झालेही असते. वरच्या मजल्यावर अशीच झालेली जोडणी मी पाहिली होती. तिथे छिद्र सरळ आडवे पाडलेले आहे, वायर बाहेरून थेट आत शिरते आणि पहिल्याच पावसाळ्यात छिद्राखालच्या गिलाव्याला ओल धरली. छिद्र बाहेरच्या बाजूला थोडे उतरते ठेवले, आत शिरण्यापूर्वी वायरीला खाली झोका दिला म्हणजे पाणी त्या झोक्याच्या तळाशी निथळते, आणि उरलेली फट सिलिकॉनने भरली, तर हे टळते. यासाठी लागणारा वेळ पाच मिनिटांचा आहे. मी नम्रपणे काम थांबवले.

कंपनीच्या ग्राहक सेवेकडे विचारणा केल्यावर कळले की वायर लपवून करायची जोडणी वेगळी नोंदवता येते आणि त्यासाठी एक अनुभवी तंत्रज्ञ आधी घर पाहून जातो. ही सोय नोंदणी करताना कोणीही सांगितली नव्हती, संकेतस्थळावरही ती सहज सापडत नाही, आणि या सेवेतला सर्वांत मोठा दोष मी हाच मानते. ज्याला विचारायचे सुचत नाही, त्याच्या भिंतीवर काळी वायर येते.

दुसऱ्या भेटीसाठी आलेल्या तंत्रज्ञांनी पहिला अर्धा तास ड्रिल पिशवीतून बाहेरच काढले नाही. घरात दिवसभर कोण कुठे बसते, सॉकेट कुठे आहेत आणि भिंतीत पूर्वीची कुठली कन्सिल्ड पाइप आहे का, एवढेच ते विचारत फिरत होते. टीव्हीमागच्या प्लेटचे स्क्रू काढल्यावर आत जुनी, आता कशालाही न जोडलेली केबल टीव्हीची वायर निघाली. ती कुठे जाते हे आम्हालाही ठाऊक नव्हते. त्यांनी मला जिन्यातल्या डक्टपाशी उभे केले, तिथून निघालेल्या चार-पाच वायरींवर हात ठेवायला सांगितले आणि आतून हलका झटका दिला. माझ्या मधल्या बोटाखालची वायर सरकली. भिंतीला हातही न लावता घराबाहेरून टीव्हीपर्यंतचा मार्ग सापडला होता.

हा मार्ग खिडकीच्या मार्गापेक्षा बराच लांब होता. पहिल्या दोघांनी लांबून वायर नेली तर सिग्नल कमी होतो असे सांगितले होते. ते मी तंत्रज्ञांना विचारले आणि त्यांनी दिलेला हिशेब इथे मांडते, कारण हे कारण अनेकांना सांगितले जाते. फायबरमध्ये एका किलोमीटरला प्रकाशाची साधारण ०.३५ डेसिबल (घट मोजण्याचे एकक) इतकीच घट होते. घरात दहा-पंधरा मीटर वायर जास्त लागली तर त्या घटीचा आकडा दशांशचिन्हानंतर दोन शून्ये ओलांडून सुरू होतो. उलट कनेक्टरच्या एका साध्या जोडणीत ०.३ डेसिबलच्या आसपास प्रकाश सहज जातो. म्हणजे एक जादा जोड हा जवळपास किलोमीटरभर जादा वायरीइतका महाग पडतो. लांब वळसा घ्यावा, जोड मात्र कमीत कमी ठेवावेत, हे त्यांचे सूत्र मला पूर्ण पटले.

नवी वायर ओढण्यासाठी त्यांनी त्या जुन्या वायरीचाच दोर केला. तिच्या टोकाला मजबूत नायलॉनची दोरी बांधून ती आरपार काढली आणि मग त्या दोरीने फायबर ओढले. ओढताना ताण काचेच्या तंतूवर न येता शेजारच्या बळकटीच्या तारांवर यावा अशी गाठ घातलेली होती. कनेक्टर लावलेली तयार वायर पाइपच्या वळणात अडकते, म्हणून त्यांनी मोकळे टोक ओढून घेतले आणि जोड नंतर आत बसून केला. हे जोडकाम पाहण्यासारखे होते. आवरण सोलून, अल्कोहोलने पुसून, कटरने अगदी सरळ कापलेली दोन टोके काच वितळवून जोडणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर समोरासमोर आली. काचेचा हा तंतू १२५ मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या जवळपासचा, आणि त्यातला प्रकाश वाहणारा गाभा अवघा ९ मायक्रॉनच्या आसपास. यंत्राने ती टोके आपणहून एका रेषेत आणली, क्षणभर ठिणगी उडाली आणि पडद्यावर दोन काचांची एकच काच झाली. अंदाजे घट ०.०२ डेसिबल दाखवली गेली. कापलेले काचेचे तुकडे त्यांनी चिकटपट्टीने एकेक उचलून झाकणाच्या डबीत टाकले. हे तुकडे डोळ्यांना सहज दिसत नाहीत आणि पायात शिरले तर काढणे अवघड असते, म्हणून ही काळजी मला नीटनेटक्या भिंतीपेक्षाही मोलाची वाटली.

एवढे करूनही राउटर टीव्हीपाशी ठेवणे आम्हाला सोयीचे नव्हते, कारण बैठकीची खोली घराच्या एका टोकाला आहे आणि अभ्यासाची खोली दुसऱ्या. घराच्या मधोमध असलेल्या बोळापर्यंत पाइप जात नव्हती. तिथे पारदर्शक फायबर उपयोगी पडले. त्याची आवरणासकट जाडी ०.९ मिलिमीटर असते आणि ते बारीक चिकट द्रव्याने भिंतीला लावतात. ते स्कर्टिंगच्या वरच्या कडेने आणि दाराच्या चौकटीच्या सांध्यातून नेले. उभ्याने पाहिले तर ते दिसतच नाही. दुपारी तिरपे ऊन आले की एका जागी कोळ्याच्या धाग्यासारखी रेघ चमकते, तीही ठाऊक असलेल्यालाच दिसते.

इथेच एक चूक झाली आणि तिथेच या तंत्रज्ञांविषयीचा माझा आदर वाढला. वायर चौकटीत अगदी घट्ट बसावी म्हणून त्यांच्या मदतनीसाने ती कोपऱ्यात काटकोनात दाबली होती. काम संपल्यावर मीटर लावला तेव्हा टीव्हीच्या प्लेटपाशी उणे १९.६ डीबीएम (पोहोचलेल्या प्रकाशाची ताकद; उणे आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी) असलेला आकडा बोळात उणे २३.८ झाला होता. तीन डेसिबल घट म्हणजे निम्मा प्रकाश गेला. इथे चारहून अधिक गेले होते. फायबर ज्याला जोडतात ती घरातली इंटरनेटची पेटी साधारण उणे २७ पर्यंत चालते, म्हणजे त्या दिवशी इंटरनेट व्यवस्थित सुरू झाले असते आणि मला काहीच कळले नसते. त्यांनी दिवे मालवले, वायरीत तपासणीचा लाल प्रकाश सोडला आणि चौकटीच्या कोपऱ्यात डाळिंबाच्या दाण्याएवढा लाल ठिपका उजळला. वळण फार तीव्र झाले की प्रकाश काचेत टिकत नाही, बाहेर सांडतो, ते मी प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिले. घरातल्या वळणांसाठी खास बनवलेल्या फायबरचे मानक, जी.६५७, आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००६ मध्ये आणले, आणि त्यातल्या ए२ प्रकाराला ७.५ मिलिमीटर त्रिज्येचे वळण चालते, जुन्या प्रकाराला त्याच्या चौपट लागायचे. पण काटकोन कुठल्याच फायबरला चालत नाही. त्यांनी तेवढा भाग सोडवून करंगळी वळेल एवढ्या गोलाईने पुन्हा चिकटवला, ठिपका विझला आणि आकडा उणे १९.८ वर आला. तो आकडा त्यांनी कागदावर लिहून दिला. जोडणी झाल्यावर हा आकडा प्रत्येकाने मागून घ्यावा, असे मी आग्रहाने सांगते, कारण पुढे कधी तक्रार उद्भवली तर दोष घरातला की बाहेरचा हे ठरवायला त्याचाच आधार असतो.

आता जे मनासारखे झाले नाही ते. फायबर अदृश्य झाले, पण पेटीला वीज लागते आणि अडॅप्टरची काळी वायर काही पारदर्शक होत नाही. तांब्याच्या जुन्या टेलिफोन तारेतून यंत्रापुरती वीज एक्स्चेंजकडूनच यायची. काचेतून ती येत नाही, म्हणून वीज गेली की स्वतःची बॅटरी नसेल तर इंटरनेटही जाते. आमच्या बोळातले सॉकेट कमरेच्या उंचीवर आहे आणि पेटी वरच्या फळीवर, त्यामुळे मधल्या दीड मीटरसाठी पांढरी केसिंग पट्टी लावावीच लागली. संपूर्ण कामात डोळ्यांना खुपणारी तेवढी एकच गोष्ट आहे, आणि ती फायबरची नाही. रंगकामापूर्वी इलेक्ट्रिशियनकडून फळीच्या मागे एक सॉकेट घेतले असते तर हेही टळले असते. कोणी नव्याने घर रंगवत असेल तर हे काम आधी करून घ्यावे. पेटी लोखंडी कपाटात बंद करण्याचा विचारही आमच्या मनात होता, पण धातू वायफायच्या लहरी अडवतो, म्हणून तंत्रज्ञांनी ठाम नकार दिला. लाकडी, उघडी फळी निवडली ते योग्यच झाले.

पारदर्शक फायबरच्या चिकटण्याबद्दल माझे मत संमिश्र आहे. साध्या रंगाच्या भिंतीवर ते उत्तम बसले. दाराच्या चौकटीवर तेलाचा गुळगुळीत रंग आहे, तिथे दोन महिन्यांनी वीतभर भाग सुटला. कळवल्यावर तिसऱ्या दिवशी माणूस आला, त्याने जागा अल्कोहोलने पुसून पुन्हा चिकटवली आणि त्यानंतर ती हललेली नाही. पहिल्याच वेळी चौकट पुसून घेतली असती तर ही फेरी वाचली असती. फरशी पुसताना स्कर्टिंगवर ओले फडके जोरात घासू नये, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवावे लागते. शिवाय टीव्हीमागे जोड ठेवण्याची तळहाताएवढी पांढरी डबी आहे. तिच्यात मीटरभर जादा फायबर गुंडाळून ठेवले आहे, पुढे कनेक्टर खराब झाला तर तेवढे कापून नवा लावता यावा म्हणून. ती डबी लपवण्याचा हट्ट मी आधी धरला होता. भिंतीत बुजवली तर दुरुस्तीच्या वेळी भिंत फोडावी लागेल, हे त्यांनी समजावल्यावर मी तो सोडला.

ही सेवा घ्यायची असेल तर नोंदणीच्या वेळीच आधी घर पाहून जाणारा तंत्रज्ञ मागावा, पारदर्शक फायबर सोबत आणायला सांगावे आणि तो येण्यापूर्वी घरातल्या जुन्या, बंद पडलेल्या वायरींच्या प्लेटा कुठे आहेत ते हेरून ठेवावे. निघताना तंत्रज्ञांनी फायबर कुठून कसे गेले आहे त्याची साधी आकृती काढून दिली, पाइप ठिपक्यांच्या रेघेने आणि चिकटवलेला भाग सलग रेघेने दाखवून. ती मी विजेच्या मुख्य बोर्डाच्या दाराला आतून चिकटवली आहे. मागच्या महिन्यात बोळात फोटो टांगायला खिळा ठोकायचा होता, तेव्हा आधी ती आकृती पाहिली आणि खिळा चार बोटे वर घेतला.