गोळीत किती आणि रक्तात किती: एका मल्टिव्हिटॅमिनचे परीक्षण

मल्टिव्हिटॅमिनच्या डबीच्या दर्शनी बाजूवर जे छापलेले असते त्यावरून तिचा दर्जा ठरवता येत नाही. त्यासाठी मागच्या बाजूचा बारीक अक्षरांतला तक्ताच वाचावा लागतो. या परीक्षणासाठी घेतलेली गोळी रोज एक अशी घ्यायची आहे, आणि तिच्यात सर्व आवश्यक जीवनसत्त्वे व खनिजे असल्याचा, शिवाय त्यांचे ‘उच्च शोषण’ होत असल्याचा दावा डबीवर ठळकपणे केलेला आहे. उत्पादनाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण याच घडणीच्या गोळ्या वेगवेगळ्या नावांनी विकल्या जातात आणि पुढे जे म्हटले आहे ते त्यांतील बऱ्याच गोळ्यांना लागू पडते.

तक्त्यात मॅग्नेशियम १०० मिलिग्रॅम असे लिहिले असून त्यापुढे ‘मॅग्नेशियम ऑक्साइडच्या रूपात’ अशी नोंद आहे. माझ्या मते साऱ्या वेष्टनावरील सर्वांत बोलकी नोंद हीच आहे. ऑक्साइडच्या वजनात सुमारे ६० टक्के मॅग्नेशियम असते, तर सायट्रेट व ग्लायसिनेट या मॅग्नेशियमच्या दुसऱ्या संयुगांत अनुक्रमे सुमारे १६ आणि १४ टक्के; म्हणजे १०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम देण्यासाठी ऑक्साइडची १७० मिलिग्रॅमच्या आतली पूड पुरते, तर सायट्रेट ६०० मिलिग्रॅमहून जास्त आणि ग्लायसिनेट जवळजवळ ७०० मिलिग्रॅम भरावे लागते. बाकीचे सगळे घटक सांभाळून एवढे वजन एका गिळता येण्याजोग्या गोळीत बसत नाही, म्हणून ‘रोज फक्त एक गोळी’ ही सोय आणि ऑक्साइडची निवड या दोन्ही गोष्टी हातात हात घालून येतात. ऑक्साइड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि सायट्रेटच्या तुलनेत त्याचे शोषणही कमी होते. न शोषलेले मॅग्नेशियम आतड्यात पाणी खेचते, आणि म्हणूनच मॅग्नेशियमचे असे क्षार रेचक म्हणूनही वापरले जातात. तेव्हा तक्त्यातला आकडा खोटा नाही. तो गोळीत किती आहे ते सांगतो, शरीराला किती मिळेल ते सांगत नाही.

मॅग्नेशियमच्या बाबतीत उत्पादकाला जागेची अडचण पुढे करता येते. तांब्याच्या बाबतीत तीही नाही. येथे १ मिलिग्रॅम तांबे क्युप्रिक ऑक्साइडच्या रूपात दिले आहे. हे संयुग शरीरात जवळजवळ शोषलेच जात नाही, ही गोष्ट पशुआहाराच्या अभ्यासकांनी फार पूर्वीच दाखवून दिली होती. त्याऐवजी कॉपर सल्फेट वापरले असते तर सुमारे ४ मिलिग्रॅम आणि ग्लुकोनेट वापरले असते तर सुमारे ७ मिलिग्रॅम पूड लागली असती, म्हणजे गोळीच्या आकारात डोळ्यांना कळेल असा फरकही पडला नसता. तक्त्यात क्युप्रिक ऑक्साइड दिसले की सूत्र ठरवणाऱ्याने शोषणाचा विचार न करता केवळ यादी पूर्ण केली आहे, असे मी धरून चालतो. जस्ताच्या बाबतीत मात्र याच गोळीने सायट्रेट निवडले आहे आणि त्याचे श्रेय द्यायला हवे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी प्रौढांमध्ये झिंक सायट्रेट व ग्लुकोनेटमधील जस्ताचे शोषण सुमारे ६१ टक्के, तर ऑक्साइडमधील जस्ताचे सुमारे ५० टक्के आढळले होते. फरक प्रचंड नसला तरी खरा आहे.

लोहाची नोंद दिशाभूल करणारी आहे. इतर खनिजांपुढे मूलद्रव्याचे वजन दिले असताना येथे अचानक ‘फेरस फ्युमरेट ३० मिलिग्रॅम’ असे संयुगाचे वजन छापले आहे. फ्युमरेटमध्ये लोह साधारण एकतृतीयांश असते, म्हणजे प्रत्यक्षात मिळते ते सुमारे १० मिलिग्रॅम. शिवाय त्याच गोळीत कॅल्शियम कार्बोनेटही आहे, आणि एकाच वेळी पोटात गेलेले कॅल्शियम लोहाच्या शोषणात अडथळा आणते. ज्यांना लोहाची कमतरता असल्याचे निदान झाले आहे त्यांनी या गोळीवर विसंबू नये. त्यांच्यासाठी स्वतंत्र लोह, तेही चहा-कॉफीपासून दूर ठेवून आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने, हाच योग्य मार्ग आहे.

ब १२ च्या रकान्यात दैनंदिन गरजेच्या २०,००० टक्क्यांहून अधिक असा आकडा आहे आणि तो पाहून अनेक जण एक तर भारावतात, नाही तर घाबरतात. दोन्हींची गरज नाही. जठरात तयार होणाऱ्या इंट्रिन्सिक फॅक्टर या प्रथिनाच्या मदतीने एका वेळी साधारण दीड ते दोन मायक्रोग्रॅम ब १२ शोषले जाते आणि तेथे ही वाट भरून जाते. उरलेल्यापैकी जेमतेम एक टक्का त्या प्रथिनाशिवाय आतड्याच्या अस्तरातून आपोआप झिरपतो. म्हणजे ५०० मायक्रोग्रॅमच्या या मात्रेतून शरीराला सुमारे सात मायक्रोग्रॅम मिळतात, आणि प्रौढ माणसाची रोजची गरज २.४ मायक्रोग्रॅमच्या आसपास असल्याने तेवढे पुरेसे आहे. ज्यांच्या शरीरात इंट्रिन्सिक फॅक्टरच तयार होत नाही त्यांना तर या एका टक्क्याचाच आधार असतो, त्यामुळे वरवर हास्यास्पद वाटणारी ही मात्रा या गोळीतील सर्वांत समंजस निर्णयांपैकी एक ठरते.

कृत्रिम ते सगळे निकृष्ट, असा एक समज रूढ आहे. त्याला फॉलिक आम्लाचे उदाहरण छेद देते. अन्नासोबत घेतलेल्या कृत्रिम फॉलिक आम्लाचे शोषण सुमारे ८५ टक्के, तर त्याच जीवनसत्त्वाच्या अन्नातल्या नैसर्गिक रूपाचे, म्हणजे फोलेटचे, सुमारे ५० टक्के धरले जाते. ई जीवनसत्त्वाचे मात्र उलट आहे: त्याचे कृत्रिम रूप वजनाला वजन निम्म्यानेच कामी येते, आणि नावाआधी ‘डीएल’ ही अक्षरे असली की ते रूप कृत्रिम समजावे. या गोळीत ती आहेत.

ड जीवनसत्त्व ड ३ च्या रूपात, २५ मायक्रोग्रॅम म्हणजे १००० आययू (आंतरराष्ट्रीय एकके) आहे. रूप आणि मात्रा दोन्ही ठीक. घोटाळा आहे तो सूचनेत. डबीवर ‘सकाळी उपाशीपोटी घ्यावी’ असे छापले आहे. ड, अ, ई आणि के ही जीवनसत्त्वे स्निग्ध पदार्थांसोबत शोषली जातात, आणि स्निग्धांश असलेल्या जेवणासोबत ड ३ घेतल्यास त्याची रक्तातील कमाल पातळी स्निग्धांशविरहित जेवणापेक्षा सुमारे एकतृतीयांशाने अधिक गेल्याचे प्रयोगात दिसले आहे. कॅल्शियम कार्बोनेटलाही जेवणाच्या वेळी जठरात सुटणाऱ्या आम्लाची मदत लागते. ज्याने सूत्र लिहिले त्याने ही सूचना लिहिली नसावी, एवढेच म्हणता येते.

गोळी पोटात फुटलीच नाही, तर वरचा सारा हिशेब फोल ठरतो. औषधी मानकांनुसार गोळ्यांची विघटन चाचणी घेतली जाते: जाळीदार तळाच्या सहा काचनळ्यांत एकेक गोळी ठेवून त्या नळ्या ३७ अंश सेल्सियसच्या द्रवात मिनिटाला सुमारे तीस वेळा खालीवर केल्या जातात, आणि ठरलेल्या वेळेत गोळीचा कठीण गाभा जाळीवर उरता कामा नये. घरी ही चाचणी करता येत नाही. पण कॅल्शियमच्या गोळ्यांसाठी सुचवली जाणारी, व्हिनेगरमध्ये गोळी ठेवून अधूनमधून ढवळत अर्धा तास पाहण्याची युक्ती ढोबळ अंदाज देते. या गोळीचे गुलाबी कवच लवकरच सालपटासारखे सुटून वर तरंगू लागले, पण आतला करडा गाभा कडा झिजून तसाच राहिला आणि अर्ध्या तासानंतरही चमच्याने दाबल्यावर फुटला नाही. त्याच डबीतील दुसरी गोळी मात्र त्याच वेळात पूर्ण विरघळून तळाशी गाळ होऊन बसली. व्हिनेगर म्हणजे जठर नव्हे, हे मान्य. तरीही एकाच डबीतील दोन गोळ्यांत एवढा फरक असणे मला पहिल्या गोळीच्या कडकपणापेक्षा अधिक खटकले.

‘उच्च शोषण’ या दाव्याचा आधार शोधला तर यादीच्या तळाशी काळ्या मिरीच्या अर्काचे ५ मिलिग्रॅम सापडतात. मिरीतील पायपरिनमुळे हळदीतील कर्क्युमिनची उपलब्धता २००० टक्क्यांनी वाढल्याचे १९९८ च्या एका छोट्या अभ्यासात दिसले होते आणि तो आकडा तेव्हापासून जाहिरातींत फिरतो आहे. त्या अभ्यासात पायपरिनची मात्रा २० मिलिग्रॅम होती, आणि एकटे कर्क्युमिन रक्तात जवळजवळ सापडतच नसल्याने वाढ इतकी भव्य दिसली. मॅग्नेशियम ऑक्साइडची अविद्राव्यता मिरीने दूर होत नाही. उलट पायपरिन काही औषधांच्या विघटनाचा वेग कमी करते, त्यामुळे नियमित औषधे घेणाऱ्यांनी हा घटक डॉक्टरांच्या नजरेस आणून द्यावा.

डबीवर ‘प्रयोगशाळेत तपासलेले’ असे लिहिले आहे, परंतु कोणत्या प्रयोगशाळेत आणि काय तपासले याचा उल्लेख नाही. उत्पादकाकडे त्या बॅचचे विश्लेषण प्रमाणपत्र मागितले असता एक पानी पत्रक आले, ज्यावर बॅच क्रमांकच नव्हता. यूएसपी किंवा एनएसएफ यांसारख्या त्रयस्थ संस्थांची मुद्रा असती तर तक्त्यातील मात्रा आणि शिसे, आर्सेनिक, कॅडमियम, पारा यांसारखी दूषके कोणीतरी बाहेरून पाहिली आहेत, एवढा भरवसा मिळाला असता. यूएसपीची मुद्रा गोळीच्या विघटनाबद्दलही खात्री देते. त्या मुद्रा उत्पादन उपयोगी असल्याची ग्वाही देत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे.

ब १२, ड ३, फॉलिक आम्ल आणि जस्त यांसाठी ही गोळी चालेल, तीही जेवणासोबत घेतली तर. मॅग्नेशियम, तांबे आणि लोह यांसाठी तिला शून्य गुण द्यावे लागतात. यातील एकदोनच घटकांची गरज असलेल्याने ते सुटे घेणे अधिक शहाणपणाचे होईल.

गोळी घेतल्यावर लघवी गडद पिवळी होते, ती रायबोफ्लेविन म्हणजे ब २ जीवनसत्त्वामुळे. त्यावरून ब २ शोषले जाऊन जादाचे बाहेर पडले एवढेच कळते. ड जीवनसत्त्व, ब १२ आणि फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन) यांच्या रक्तचाचण्या उपयोगी आहेत, मॅग्नेशियमची मात्र तितकीशी नाही, कारण शरीरातील एकूण मॅग्नेशियमपैकी एक टक्क्याहूनही कमी भाग रक्तद्रवात असतो. आणखी एक अडचण याच गोळीत आहे: केस व नखांसाठी म्हणून घातलेले ५००० मायक्रोग्रॅम बायोटिन. बायोटिनच्या एवढ्या मोठ्या मात्रा थायरॉइडच्या आणि हृदयविकाराचे निदान करणाऱ्या ट्रोपोनिनच्या काही चाचण्यांचे निकाल चुकवू शकतात, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये दिला होता. त्यामुळे रक्त देण्यापूर्वी ही गोळी चालू असल्याचे डॉक्टरांना आणि प्रयोगशाळेला सांगावे, आणि किती दिवस आधी ती थांबवायची हे त्यांच्याकडूनच ठरवून घ्यावे.