पीकेए रोखायचंय: पीकेआय पेप्टाइड की एच-८९?

पीकेए (प्रोटीन काइनेज ए) या काइनेजला, म्हणजे इतर प्रथिनांना फॉस्फेट लावणाऱ्या एन्झाइमला, आवर घालायचा म्हटलं की दोन नावं हमखास पुढे येतात: एच-८९ हा छोटा रेणू आणि पीकेआय (५-२४) हे २० अमिनो आम्लांचं पेप्टाइड. निवड करण्याआधी एकच पाहा. एन्झाइम परीक्षानळीत आहे की जिवंत पेशीत?

एच-८९ काइनेजवरच्या एटीपीच्या (फॉस्फेट पुरवणाऱ्या रेणूच्या) जागेत जाऊन बसतो. ही जागा बहुतेक काइनेजमध्ये सारख्याच घडणीची, त्यामुळे एमएसके१ आणि एस६के१ ही दुसरी काइनेजसुद्धा जवळपास तेवढ्याच मात्रेत अडकतात. शिवाय पेशीत एटीपी मिलिमोलर प्रमाणात असतं. नळीत नॅनोमोलरमध्ये काम करणारा रेणू तिथे मायक्रोमोलरमध्ये द्यावा लागतो, आणि मात्रा वाढली की नको ती काइनेजही सापडतात.

पीकेआयची युक्ती वेगळी. पीकेए ज्या सब्स्ट्रेटला (ज्याला फॉस्फेट लावायचं त्या प्रथिनाला) ओळखतं त्याचंच हे सोंग, फक्त सेरीनच्या जागी अ‍ॅलानीन. म्हणजे फॉस्फेट लावायला जागाच नाही. गंमत म्हणजे एटीपी इथे आड येत नाही, मॅग्नेशियमसोबत ते ही पकड उलट घट्टच करतं. केआय (पकडीचं माप, जितकं कमी तितकी पकड घट्ट) साधारण २ नॅनोमोलर. १९९१ मध्ये पीकेएची स्फटिकरचना उलगडली तीही याच पेप्टाइडसह. लायसेटमध्ये, म्हणजे पेशी फोडून मिळालेल्या द्रवात, एकूण काइनेज-क्रिया मोजा, मग पीकेआय घालून पुन्हा मोजा. जो फरक येईल तो पीकेएचा. या कामाला माझ्या मते दुसरा पर्याय शोधूच नये.

पेशीत मात्र हा पठ्ठ्या दाराबाहेरच राहतो. मिरिस्टॉइल हा मेदाम्लाचा गट जोडलेला पीकेआयचा १४-२२ तुकडा आत जातो, पण घट्ट पकडीला लागणारा दहाव्या क्रमांकाचा फेनिलअ‍ॅलानीन त्यात नाही, म्हणून पकड सैल. पेप्टाइड तोडणाऱ्या एन्झाइमांची, म्हणजे प्रोटिएजची, कात्री वेगळीच.

आणि पेप्टाइड म्हणजे आपोआप अचूक, हा भ्रम नको. पीकेएम-झीटा या दुसऱ्या काइनेजला रोखायला वापरलेलं झिप पेप्टाइड आठवा: २०१३ मध्ये पीकेएम-झीटाचं जनुकच काढून टाकलेल्या उंदरांतही झिपचा परिणाम दिसला. म्हणजे लक्ष्य नव्हतं, तरी बाण लागला!

पेशींवरच्या पहिल्या चाचणीला एच-८९ चालेल. स्वस्त आहे, आत शिरतो. पण 'हे पीकेएमुळेच' असं लिहायचं असेल, तर मिरिस्टॉइल-पीकेआय किंवा पेशीतच व्यक्त केलेलं पीकेआय वापरा. पेप्टाइडच्या जोडीला त्याच अमिनो आम्लांचा क्रम विस्कटलेलं, तेच मिरिस्टॉइल लावलेलं नियंत्रण पेप्टाइड त्याच ऑर्डरमध्ये मागवा.