कोळसा पेटवायची कॉइल शेगडी: धुळ्यातल्या दहा महिन्यांचा अनुभव

ही शेगडी मी हुक्क्यासाठी घेतली, हे आधीच कबूल करतो. घरी मात्र सांगितलं होतं की भरिताला धुंगार द्यायला मागवली आहे. आईनं खोक्यातून ती डासांच्या अगरबत्तीसारखी गोल वळलेली कॉइल बाहेर काढली, उलटीसुलटी करून पाहिली आणि "हाई काय शे रे?" एवढंच विचारलं. दहा महिन्यांनंतर परिस्थिती अशी आहे की हुक्क्यासाठी ती महिन्यातून एकदासुद्धा निघत नाही, आणि मी मारलेल्या थापेसाठी मात्र दर आठवड्याला लागते.

शेगडी 1000 वॅटची आहे. पत्र्याची बैठक, वर उघडी कॉइल, त्यावर तारेची छोटी जाळी, बाजूला एक लाकडी मूठ. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण बाजारात चार-पाच नावांनी हाच माल फिरतो आणि दोष सगळ्यांचे सारखेच असावेत असं दिसतं. मला ती नऊशेच्या आसपास पडली.

आधी काय करत होतो ते सांगतो, म्हणजे फरक कळेल. 2017 च्या डिसेंबरात मुंबईत कमला मिलला आग लागली, त्यानंतर 2018 मध्ये राज्यातल्या हुक्का पार्लरवर बंदी आली, आणि शनिवारी बसायची आमची सवय मित्राच्या गच्चीवर गेली. तिथे पहिले काही महिने मॅजिक कोल चालला. काडी लावली की तडतडत ठिणग्या उडवत पेटतो, मिनिटभरात तयार. पण त्यात पेट घेण्यासाठी सोऱ्यासारखं रसायन असतं. सुरुवातीचा धूर फटाक्यासारखा वास मारतो आणि तो वास चिलमीत उतरतो. अर्ध्या तासात कोळसा संपतोही. मग नारळाच्या करवंटीचा कोळसा आणला. तो चांगला, पण काडीनं पेटत नाही. पापड भाजायची जाळी गॅसवर ठेवून त्यावर पेटवायचो. दोन महिन्यांत जाळी वाकडी झाली, राख बर्नरच्या भोकांत जाऊन ज्योत पिवळी पडायला लागली, आणि वहिनीनं (मित्राच्या बायकोनं) स्वयंपाकघरात पाऊल ठेवायला बंदी घातली. ती बंदी पार्लरच्या बंदीपेक्षा कडक निघाली. इंडक्शनचा विचार कुणाच्या डोक्यात असेल तर सोडून द्या. कोळसा काही लोखंड नाही, इंडक्शन त्याला ओळखतच नाही.

कॉइलवर काम सोपं आहे, पण घाई चालत नाही. कॉइल आधी लाल होऊ द्यायची. मग तुकडे जाळीवर एकमेकांना न चिकटवता ठेवायचे. पाच मिनिटांनी चिमट्यानं उलटायचे, आणखी चार-पाच मिनिटं थांबायचं. नवखा माणूस इथेच चुकतो. कडा लाल दिसल्या की त्याला वाटतं झालं. पण मधे काळा डाग उरला असेल तर तो कोळसा पेटलेला नाही, तो पेटतोय. तोच धूर करतो, तोच घशाला लागतो. मी दिवा बंद करून हलकी फुंकर मारून बघतो. सहाही बाजू नारिंगी दिसल्या आणि वर पातळ पांढुरकी राख धरली की उचलायचा.

वेळेबाबत एक गंमत धुळ्यात आल्याशिवाय कळणार नाही. हिवाळ्यात रात्री दहाला माझा कोळसा नऊ मिनिटांत तयार होतो. मे महिन्यात संध्याकाळी सातला, जेव्हा गल्लीतले सगळे कुलर एकदम चालू असतात, तेव्हा त्याच कोळशाला पंधरा-सोळा मिनिटं लागली. मला वाटलं कॉइल गेली. इलेक्ट्रिशियननं मीटर लावून दाखवलं, घरात 180 व्होल्ट येत होते. कॉइलची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात उतरते, म्हणजे 230 चे 180 झाले की 1000 वॅटची शेगडी जेमतेम सहाशेची उरते. म्हणून "दहा मिनिटांत" असं खोक्यावर छापलेलं असलं तरी ते आपल्या गल्लीच्या डीपीला (ट्रान्सफॉर्मरला) विचारून छापलेलं नसतं. बिलाची काळजी मात्र करू नका. दहा मिनिटांच्या हिशेबानं सहा वेळा पेटवला तर एक युनिट होतं.

आता तक्रारी. पहिली आणि मोठी तक्रार वायरीची. शेगडीबरोबर आलेली वायर साधी प्लास्टिकची, आणि ती बैठकीला इतकी चिकटून बाहेर येते की तिसऱ्या महिन्यात तिथला भाग मऊ पडून चकाकायला लागला. दुसरी, प्लग दोन पिनांचा. पत्र्याची बैठक, उघडी कॉइल आणि अर्थिंग नाही! एकदा ओल्या पायांनी गच्चीवर उभं राहून चिमट्यानं कोळसा उलटला आणि कोपरापर्यंत मुंग्या आल्या. त्याच आठवड्यात पाच कंदीलच्या बाजारातून इस्त्रीला लावतात तसली कापडी वेष्टणाची वायर आणली, तीन पिनांचा प्लग लावून घेतला आणि अर्थची तार बैठकीला स्क्रूनं कसून घेतली. दीडशे रुपयांत काम झालं. हे काम शेगडी घेतल्याच्या दिवशीच करून घ्या, मुंग्या येण्याची वाट बघू नका. तेव्हापासून चालू कॉइलवर लोखंडी चिमटा घालणंही बंद केलं. उलटायच्या आधी बटण बंद करतो. तिसरी तक्रार खालच्या रबरी पायांची. ते ग्रॅनाइटच्या ओट्यावर चिकटून बसले. आता शेगडी फरशीच्या तुकड्यावर ठेवतो.

कोळशाबद्दल थोडं. 25 मिलिमीटरचे चौकोनी तुकडे येतात, किलोत 72. चांगला कोळसा दोन तुकडे एकमेकांवर आपटले की खणखणतो, आणि त्याची राख फिकट राहते, टपकन गळत नाही. एकदा स्वस्तातला आणला. राख तपकिरी, अर्ध्यात फुटणारा, आणि किलोतला पाव भाग खोक्यातच चुरा. श्रावणात झड लागली तेव्हा चांगल्या कोळशानंही त्रास दिला. कोळसा हवेतली ओल पितो, आणि असा तुकडा लाल कॉइलवर ठेवला की आतली वाफ त्याला फोडते. एक तुकडा टपकन उडून चटईवर पडला, चटईला रुपयाएवढं भोक. पावसाळ्यात आता घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवतो, आणि ऊन पडलं की गच्चीवर ताटात पसरतो, कुरडया वाळवतात तसा. मांजर तेवढं हाकलावं लागतं.

जानेवारीतली गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी. थंडी बऱ्यापैकी होती, गच्चीवर बसवेना. आम्ही चौघं खोलीत बसलो. खिडकी लावलेली, दाराखाली गोधडी सरकवलेली. शेगडीही खोलीतच. आठ तुकडे पेटवले, तासाभरानं आणखी सहा. फ्लेवर तंबाखूचा नव्हता, हर्बल होता, त्यामुळे आम्ही निवांत. दीड तासानं एकाचं डोकं ठणकायला लागलं. मला मळमळलं, वाटलं शेवभाजी तिखट झाली होती. तिसरा उठायला गेला आणि भिंत धरून उभा राहिला. चौथ्याला काही होत नव्हतं, तो हसत होता. त्याला दार उघडायला सांगितलं. बाहेरच्या गार हवेत अर्धा तास बसल्यावर डोकं हलकं झालं, तरी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ठसठस राहिली.

तेव्हा कळलं की हर्बल असो की तंबाखू, कार्बन मोनॉक्साइड मुख्यतः कोळशातून येतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून जास्त घट्ट धरून बसतो, म्हणून माणसाला श्वास चालू असताना गुदमरायला होतं. पूर्ण पेटलेल्या कोळशाला धूर नसतो, त्यामुळे खोलीतली हवा स्वच्छ आहे असंच वाटत राहतं. खाली पाणी आहे म्हणून धूर गाळला जातो हेही आम्ही वर्षानुवर्षं मानत होतो. पाणी धूर थंड करतं, हा वायू तसाच वर येतो. त्या दिवसानंतर शेगडी छपराखाली पण उघड्यावर, म्हणजे मागच्या ओट्यावर गेली. आणि शनिवारचं बसणंही आपोआप विरळ झालं. कुणी शपथ वगैरे घेतली नाही, नुसतं बोलावणं कमी झालं.

शेगडी मग आईनं ताब्यात घेतली. हिवाळाभर भरीत होतं. बामणोदची वांगी बाजारात आली की आमच्याकडे आठवड्यात दोनदा. गॅसवर भाजलेल्या वांग्याला जी चव येत नाही ती धुंगारानं थोडी भरून निघते. भरिताच्या मधोमध वाटी, वाटीत निखारा, त्यावर चमचाभर तेल, वरून झाकण, दोन मिनिटं. जास्त ठेवलं तर कडवट होतं. यासाठी करवंटीचाच कोळसा, मॅजिक कोल अन्नाजवळसुद्धा नेऊ नका. पण शेतात पऱ्हाटीच्या (कापसाच्या) काड्यांवर भाजलेल्या वांग्याची सर याला येते का? नाही येत. कळण्याची भाकरी, वर कच्चा कांदा आणि त्या काड्यांचा धूर, ते प्रकरण वेगळंच आहे. कॉइल त्यात हात घालू शकत नाही.

कॉइलनं खरं काम केलं ते आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. चूल गेली तेव्हापासून आमच्याकडे आगारीचा प्रश्न होता. पितरांना घास टाकायचा तर निखारा पाहिजे, आणि फ्लॅटमध्ये निखारा कुठला? दरवर्षी गोवरीचा तुकडा गॅसवर धरून पेटवायचा, घरभर धूर, डोळ्यांत पाणी, शेजारी दार वाजवणार. यंदा मागच्या ओट्यावर चार तुकडे पेटवले, मातीच्या धुपाटण्यात काढले, आईनं तूप सोडलं, पुरणपोळीचा घास ठेवला. तूप एकदम भडकलं, घास फुलला, दहा मिनिटांत सगळं आटोपलं. आईची अट एकच होती, हुक्क्याचा चिमटा त्याला लावायचा नाही. नवा चिमटा आणला, तो देवघराखाली ठेवलेला असतो. मी म्हटलं, आबा तर जन्मभर चिलीम ओढत होते, त्यांना चालेल की. आईनं ऐकू आलं नाही असं दाखवलं.

उरलेल्या निखाऱ्यांचं काय करायचं हे खोक्यावर कुठेच लिहिलेलं नाही. राखेखालचा तुकडा तासाभरानंही लाल निघतो. कचऱ्याच्या प्लास्टिक डब्यात तो टाकलात तर डबाच जाईल. मी जुन्या घमेल्यात वाळू भरून ठेवली आहे, त्यात पुरतो आणि सकाळी काढतो.

घ्यावी का? वायर बदलायची तयारी असेल, मोकळी जागा असेल आणि महिन्यातून तीन-चारदा निखारा लागत असेल तर घ्या. फक्त हुक्क्यासाठी घेत असाल तर मी सुचवणार नाही. कॉइल मधल्या वेढ्यात आता थोडी खाली बसली आहे, तिथला तुकडा शेवटी पेटतो. सुटी कॉइल दोनशेला मिळते. पितृपक्ष पंधरा दिवसांवर आलाय, आईनं डबा उघडून कोळसा मोजला, एकोणीस तुकडे निघाले. एक किलो आणायला सांगितला आहे.